पाखरांच्या ओळखीचा माणूस

लासुर्ण्याच्या गेणू राखणदाराच्या तोंडून कुणाबद्दल कधी चांगला शब्द निघाला नाही. माणसाबद्दल नाही, जनावराबद्दल नाही, आणि पाखराबद्दल तर नाहीच नाही. सकाळी उठल्यावर पहिली शिवी तो वळचणीच्या चिमणीला हासडायचा, मग चूळ भरायचा. बायको प्रयागबाई म्हणायची, "देवाचं नाव घ्यावं मान्सानं येरवाळी." तर हा म्हणायचा, "देवानंच ही भिकारडी जात केलीया. त्येला ऐकू जाऊ दे की."

चाळीस वर्षं त्यानं एकच काम केलं. हिवाळ्यात शाळू, म्हणजे थंडीची ज्वारी, निसवला, कणसात चीक भरला, की रानाच्या मधोमध चार खांब पुरून माळा बांधायचा, दिवस उगवायच्या आत त्यावर चढायचं आणि पाखरं घरट्याला गेली की उतरायचं. हातात अंबाडीची गोफण, कमरेला मातीच्या गुंड्यांची झोळी, आणि गळा असा, की गेणूनं हाळी दिली तर पाटापलीकडची गुरं माना वर करायची. उरलेले आठ महिने तो मिळेल ते काम करायचा, पण त्याला काम म्हणायचा नाही. "नांगर काय, बैल बी वढतो," म्हणायचा. राखण करायला डोकं लागतं, अशी त्याची समजूत. डोकं किती होतं ते पुढं कळेलच.

राखणीबद्दल मालकाकडून धान्य मिळायचं ते मिळायचंच. पण एक हक्क त्याहून वरचा होता. माळ्याच्या चार खांबांच्या आत जेवढी ताटं उभी राहतील तेवढी कणसं राखणदाराची. बाकीचं रान मालकाचं, पण त्या चौकोनाला मालकानंसुद्धा विळा लावायचा नाही. दोन ओट्या कणसं व्हायची फार तर, चार दिवसांची भाकरी. पण ती भाकरी खाताना गेणू असा मांडी ठोकून बसायचा, की साऱ्या लासुर्ण्याचा शेतसारा यालाच येतो की काय!

आणि पाखरांना तो जे बोलायचा, ते लिहायची सोय नाही. थोडं सांगतो. राघू म्हणजे माजलेला, एक दाणा खातो आणि दहा पाडतो. होला म्हणजे ऐदी, बसला की हलत नाही, गुंडा अंगावर येईस्तोवर विचार करतो. साळुंकी भांडखोर. आणि भोरड्या? हिवाळा आला की हजारांच्या थव्यानं उतरायच्या नि बघता बघता वाफा रिकामा करायच्या. त्यांचं नाव काढलं तरी गेणू थुंकायचा. "ना गाव, ना शीव. आयत्या पिठावर रेघोट्या वडायला आलेल्या रांडा!"

मग उसाचे दिवस आले. कारखाना निघाला, आणि पाटाखालच्या साऱ्या रानाला उसाचा सोस लागला. उसाला पाखरू तोंड लावत नाही. एकेक करून माळे मोडले, खांब चुलीत गेले, आणि ज्यांच्या दाणादाण्यासाठी गेणूनं घसा फोडला होता, ते लोक त्याला वाटेत बघून न बघितल्यासारखं करायला लागले. शाळू उरला फक्त मोहनरावाच्या पट्टीत. तीन एकरांची उंचवट्याची पट्टी ती. पाटातून पाणी काढायची मोरी खालच्या अंगाला, पाणी चढत नव्हतं, म्हणून तिथं शाळू. पाण्यानं हात टेकले म्हणून जगलेलं पीक, पण गेणूचा माळा तिथं उभा होता आणि गेणूला तेवढं बास होतं.

आता मोहनराव. पंधरा वर्षांमागं हा मोहन्या होता, गुडघ्याएवढ्या चिखलात दारं धरायचा. दोन वर्षं ऊस पिकला आणि मोहन्याचा मोहनराव झाला. कोट आला, कोटाला साखळीचं घड्याळ आलं. ते घड्याळ बंद असायचं, पण हा दर घटकेला काढून बघायचा. घरापुढं पेरूची आणि मोसंबीची बाग लावली, तिच्यात गुलाबाचे चार वाफे काढले. गुलाबाचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून ते कुणी तोडायचे नाहीत असा हुकूम केला.

या मोहनरावाच्या डोक्यात एकच किडा होता: वरच्या अंगाला पाटाला नवी मोरी पाडून घ्यायची. म्हणजे पट्टीला पाणी. ते सारं पाटाच्या साहेबाच्या हातात. साहेब नवा होता, पुण्याकडचा, सडसडीत, चष्म्यातला. मोहनरावानं त्याला कोंबडं रांधून जेवायला बोलावलं, तर साहेब शाकाहारी निघाला. मोसंब्यांची पाटी पाठवली, तर जशीच्या तशी परत आली, वर साहेबानं चिठ्ठी दिली की अर्ज करा. अर्ज करायचा म्हणजे काय ते मोहनरावाला कळेना. आजवर त्यानं सारी कामं पाटी पाठवूनच केली होती.

शेवटी साहेबाच्या शिपायानं गुपित सांगितलं. साहेबाला कशाचा नाद नाही, फक्त पाखरं बघायचा. पाटाच्या बंगल्यावर झाडांना कणसं टांगून, फळीवर दाणे मांडून तासन् तास दुर्बीण लावून बसतो आणि वहीत लिहितो. मोहनराव ते ऐकून आधी हसला, मग गंभीर झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुताराकडून दाणे ठेवायच्या सहा फळ्या करून घेतल्या, पेरूला टांगल्या, आणि साहेबाला निरोप पाठवला: आमच्या बागंत पाखरं बक्कळ, रविवारी सकाळी बघायला यावं. बागेत तेव्हा एक कावळा होता. उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

साहेबाचा होकार आला आणि मोहनरावाला तो एकटा कावळा आठवला. त्यानं गेणूला बोलावणं धाडलं.

"गेणू, पाखरांची नस न् नस तुला ठावं. रविवारपतुर माझी बाग पाखरांनी भरली पायजे."

"मालक, चाळीस वर्सं म्या पाखरं हाकलली. बोलावली न्हाईत."

"तेच की! जो हाकलतो त्येलाच ठावं, कुठनं येत्यात."

बघा अक्कल. मांजराला उंदराघरचं लगीन लावायला बोलवावं, तसं हे झालं. आणि गेणूलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पाखरांतलं आपल्याला जास्त कळतं असं कुणी म्हटलं की हा फुगायचा. पण त्याच्या मनात दुसरंच होतं. तो म्हणाला, "पट्टीचं काय? लोक म्हणत्यात, पुढल्या साली तितं बी ऊस."

मोहनरावानं घड्याळ काढलं, बघितलं, ठेवलं. "पाखरं आली तर पट्टी जवारीचीच. तुझा माळा तुझ्या मरणापतुर हलणार न्हाय. मारुतीची आण."

मारुतीची आण ऐकल्यावर गेणू विरघळला. लोकांना नाकानं कांदे सोलून दाखवणारा हा माणूस, जगात सारे चोर म्हणणारा, आणि जो खरा चोर समोर बसला होता त्याच्या शब्दावर भाळला. का, तर त्याला तो माळा हवा होता. माळ्यावाचून गेणू म्हणजे गावातला आणखी एक म्हातारा, एवढं त्यालाही कळत होतं.

काढणीच्या पहिल्या कणसांचा झेला विणून मारुतीच्या देवळात पाखरांसाठी टांगायची गावाची जुनी रीत. गेणू त्या झेल्याकडं कधी वर मान करून बघायचा नाही. चोराला जेवायचं आवतण, म्हणायचा. आता तोच गेल्या सालच्या कणसांचे झेले प्रयागबाईकडून विणून घेऊन, माळा रिकामा सोडून, बुधवारी बागेत आला. पेरूंना झेले बांधले, फळ्यांवर बाजरी पसरली, पाण्याची परळं ठेवली, आणि झाडाखाली घोंगडं टाकून बसला. कमरेला गोफण तशीच. सवय!

एक पाखरू उतरलं नाही.

कुंपणात बुलबुल ओरडत होते. कौलांवर चिमण्यांची रांग लागली होती. मोसंबीच्या शेंड्याला साळुंक्या माना वाकड्या करून बघत होत्या. सारी तिथंच, पण खाली कुणी येईना. गेणूनं आधी वाट बघितली, मग समजावलं, मग आया-बहिणी काढल्या. "फुकट गिळायचं हाय की रं, नासक्यांनो! रानात दगड खाऊन बी येता, आन् हितं आवतण देतुया तर माज करता?" शिव्यांनी कौलांवरच्या चिमण्याही उडाल्या.

गुरुवारी तीच तऱ्हा. मोहनराव सकाळ-दुपार येऊन तोंड टाकून गेला. "गेण्या, माझी अब्रू जाणार. तुला पाखरांतलं काय सुदिक कळत न्हाय!" आईवरून शिवी दिली असती तरी गेणूला एवढं लागलं नसतं.

दुपारी प्रयागबाई भाकरी घेऊन आली. गेणू विहिरीवर पाणी प्यायला गेला आणि ती झाडाखाली टेकली. तो येऊन बघतो, तर फळीवर चिमण्या, झेल्याला बुलबुल, परळात साळुंकी न्हातेय! त्यानं बागेत पाऊल टाकलं आणि भुर्रर्र, सारं मोकळं.

प्रयागबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अवं, तुमाला बघून येत न्हाईत ती."

"मला? पाखराला काय कळतंय?"

"चाळीस वर्सं त्येंच्या आज्या-पणज्यांनी तुमचं गुंडं खाल्ल्यात. कळत न्हाय कसं?"

गेणूला ते खोटं पाडायचं होतं. त्यानं गोफण सोडून विहिरीच्या काठावर ठेवली, आला. उडाली. तांबडं मुंडासं काढलं, बोडक्यानं आला. उडाली. शेवटी, सांगायची लाज वाटते, पण त्यानं बायकोचं जुनेर अंगभर गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बाईसारखी हळू हळू पावलं टाकत आला. आधी एक चिमणी ओरडली, मग सारी गेली. प्रयागबाईला हसून हसून ठसका लागला. "चालीवरनं वळखत्यात," ती म्हणाली. "लुगडं नेसून चाल कशी बदलंल?"

"गप बस," गेणू म्हणाला. पण त्याचा आवाज पडला होता.

आता एकच उपाय होता, गेणूनं दिसायचं नाही. बागेला लागून गुरांचा गोठा होता. शुक्रवारी दिवस उगवायच्या आत गेणूनं झेले बांधले, दाणे टाकले, आणि गोठ्यात शिरून कडब्याच्या गंजीमागं बसला. कुडाला एक फट होती, तिला डोळा लावला.

हवा मोठी सुखाची होती. थंडी नावालाच, वारा पडलेला, कोवळं ऊन पेरूच्या पानांतून खाली उतरत होतं. पहिली चिमणी आली. मग दोन, मग दहा. एक होला आला, फळीवर बसला, मान आत घेतली आणि डोळेच मिटले. राघूंची जोडी झेल्याला उलटी लटकली. नर दाणा सोलायचा आणि मादीच्या चोचीत द्यायचा. गेणू बघतच राहिला. त्याच्या हिशेबी राघू नुसता नासाडी करणारा. हा राघू एक दाणा पाडत नव्हता. साळुंक्या भांडत नव्हत्या, परळाच्या काठावर पाळी धरून उभ्या होत्या. एकीचं न्हाणं झालं की दुसरी.

गेणूच्या ध्यानात आलं, की चाळीस वर्षांत आपण पाखरू खाताना कधी बघितलंच नाही. आपण बघायचो ते उडतानाच. त्यानं बघितल्या त्या साऱ्या शेपट्या.

"थूत् तिच्यायला," तो कुजबुजला, आणि त्याला स्वतःचाच राग आला. आपल्याला पाखरांतलं कळतं म्हणून गावभर मिरवलो, आणि कळत काय होतं? तर दगड कसा मारायचा.

रविवारी सकाळी साहेब सायकलवरून आला. गळ्यात दुर्बीण, खिशात वही. मोहनरावानं पेरूपासून पंधरा हातांवर खुर्ची टाकून ठेवली होती, आणि स्वतः कोट घालून मागं उभा होता. गेणूला गोठ्यात कोंडल्यासारखं करून ठेवलं होतं. "सायेब जाईस्तोवर नाक बी भाईर काढायचं न्हाय," मोहनरावानं बजावलं होतं. गेणू कुडाच्या फटीशी बसला. तो श्वाससुद्धा बेतानं घेत होता. सारं आजच्या सकाळवर होतं. पाखरं आली तर माळा राहील.

आणि पाखरं आली. काय आली म्हणता! चिमण्या, बुलबुल, होले, राघू, सारे आले. मग पट्टीकडून भोरड्यांचा एक थवा वळला आणि सारा झेल्यांवर उतरला. गुलाबी अंग, काळं डोकं, नुसता कलकलाट. गेणूचा हात आपोआप कमरेला गेला, पण त्यानं तो आवरला. उलट त्याला वाटलं, बस गं बाई, बस. साहेबानं दुर्बीण डोळ्यांची काढली नाही. एका हातानं बघायचा, दुसऱ्या हातानं लिहायचा.

मोहनराव गप्प बसला असता तर? पण नाही. "सायेब, ती बारकी ठिपक्याची हाय न्हवं, ती विलायती चिमणी. मुद्दाम आणलीया."

"मनोली आहे ती," साहेब दुर्बीण न काढता म्हणाला. "इथलीच."

"तीच ती. आन् ते शेंडीवालं, कोकिळंचं पिल्लू."

"बुलबुल."

"मोठं झाल्यावर बुलबुलच हुतं," मोहनराव म्हणाला. गोठ्यात गेणूनं कपाळाला हात लावला. गाढवाला बागेत बांधलं तर गाढव निदान गप्प तरी राहतं!

साहेब मात्र खूष होता. वही मिटून म्हणाला, "मोहनराव, इतकी पाखरं मी बंगल्यावर कधी पाहिली नाहीत. तुमचं ते मोरीचं काय होतं? जागा कुठली?"

मोहनराव खुर्चीवर वाकला. गेणू कुडाला चिकटला. दोघांच्या मध्ये एक कूड आणि पंधरा हात अंतर, शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"ती काय, समोरची उंचवट्याची पट्टी. वरच्या अंगाला मोरी पडली की पाणी चढतंय."

"तिथं ज्वारी दिसते."

"आता हाय, सायेब. पाणी आलं की पुढल्या साली सारा ऊस. जवारीत काय ऱ्हायलंय?"

"आणि ही पाखरं?"

"पाखरांचं काय, सायेब! झेलं टांगू की."

साहेब हं म्हणाला. चष्मा पुसला. म्हणाला, "चला, आलोच आहे तर जागा बघून टाकू."

गेणूनं फटीवरचा डोळा काढला. मारुतीची आण, आठवडाभरसुद्धा टिकली नाही. आणि टिकेल कशी? पाखरं आली की पाणी येणार, आणि पाणी आलं की शाळू जाणार, हे एवढं साधं त्याला आधी कळलं नव्हतं. आपल्याच माळ्याचा खांब आपणच उपटायला बसलो होतो, तेही गुरांच्या शेणात. गरज सरो आणि वैद्य मरो म्हणतात, इथं वैद्यानंच आपली तिरडी बांधून दिली होती.

तो उठला. गोफण घेतली नाही, हाळी दिली नाही, खडा उचलला नाही. मुंडासं नीट बांधलं, गोठ्याचं दार ढकललं आणि बाहेर येऊन उन्हात उभा राहिला.

एक चिमणी किंचाळली. आणि मग जे उठलं ते सारं एकदम उठलं. भोरड्यांचा थवा डोक्यावरून असा गेला, की साहेबाच्या वहीची पानं फडफडली. एक फळी उलटी झाली, बाजरी मोहनरावाच्या कोटावर सांडली. दोन झेले नुसते झुलत राहिले. बागेत आवाज म्हणून उरला नाही.

साहेबानं झटकन दुर्बीण आभाळाला लावली. "ससाणा! ससाणा आला असणार. कुठं आहे?" इकडं बघितलं, तिकडं बघितलं. आभाळ निळं आणि रिकामं. दुर्बीण खाली आणता आणता ती गेणूवर येऊन थांबली.

"हा कोण?"

मोहनराव कोटावरची बाजरी झटकत पुढं आला. "राखणदार हाय, सायेब. खुळा हाय जरा. गेण्या, जा आत!"

गेणू आत गेला नाही. पेरूखाली गेला, घोंगडं टाकलं आणि मांडी घालून बसला. कनवटीची तंबाखू काढून चोळायला लागला.

"राखणदार?" साहेबाला हसू आलं. "अहो, गोफण मारणाऱ्या माणसाला पाखरं बोलवायला ठेवलंत?" मग गेणूला म्हणाला, "बाबा, थोडा वेळ आत बसतोस का? पाखरं परत येतील."

"येतील की. पर म्या न्हाय बसायचा," गेणू म्हणाला. "सायेब, या मालकानं मला शबूद दिला हुता. पाखरं आली तर पट्टी जवारीचीच. मारुतीची आण घेतली. म्हून म्या तीन दिस गोठ्यात श्याण हुंगत लपलो. आता जवारी जाणार असंल तर लपायचं कुणासाठी? ही पाखरं त्या जवारीची हायती. मालकाला बी कळू द्या, ती कुणाच्या जिवावर येत्यात."

"गेण्या, तुझ्या तंगड्या मोडीन!" मोहनराव ओरडला, आणि ओरडल्यावर त्याच्या ध्यानात आलं की साहेब बसला आहे. तो हसला. ते हसणं बघवत नव्हतं.

साहेब अर्धा तास बसला. गेणूही बसला. तो तंबाखू थुंकायचा आणि मोहनराव घड्याळ काढायचा. कौलांवर, कुंपणात, मोसंबीच्या शेंड्यांना सारी पाखरं बसून होती, आणि खाली एकही येत नव्हतं. शेवटी साहेबानं वही खिशात घातली.

"मोरीचं राहू द्या, मोहनराव. पट्टीत ज्वारी चांगली आली आहे," म्हणाला, आणि सायकलवर बसून गेला.

मोरी झाली नाही. पाणी चढलं नाही, म्हणून ऊसही नाही. पट्टीत शाळूच राहणार हे ठरलं. गेणूनं शाळू वाचवला. आणि त्याच संध्याकाळी मोहनरावानं त्याला काढून टाकलं. "जवारी ऱ्हाईल. पर माळ्यावर तू दिसायचा न्हाईस."

माळ्यावर आला मोहनरावाचा मेहुणा, सर्जेराव. त्याची राखण म्हणजे दिवस कासराभर वर आल्यावर चढायचं, तोंडावर पंचा टाकायचा आणि जेवणापर्यंत घोरायचं. भोरड्यांची दिवाळी झाली. गेणूच्या घरापासून पट्टी हाकेच्या अंतरावर. तो कलकलाट ऐकायचा, उठून उभा राहायचा, हात खांद्यापर्यंत जायचा, आणि मग परत बसायचा. "खा, खा. मालकाचं खा," म्हणायचा. पण जेवण त्याला गोड लागत नव्हतं. चार दिवस तो चिमणीलाही बोलला नाही, तेव्हा प्रयागबाईला धास्ती वाटली.

माघ सरता सरता काढणी लागली. प्रयागबाई विळा घेऊन सरळ पट्टीत गेली. मोहनराव बांधावर उभा होता. ती त्याच्यासमोरून माळ्याखाली शिरली आणि चार खांबांच्या आतली कणसं खुडायला लागली. आजूबाजूचं सारं रान पाखरांनी चिपाड केलं होतं, तेवढी कणसं टपोरी होती. पाखरं सर्जेरावाच्या घोरण्याला भ्याली असतील. मोहनरावानं तोंड उघडलं. कापणीची माणसं हात थांबवून बघायला लागली. त्या चौकोनाला आजवर कुणी मालकानं हात लावला नव्हता, आणि गावादेखत पहिला हात लावायची छाती या कोटवाल्याची झाली नाही. त्यानं तोंड मिटलं आणि घड्याळ काढलं.

दोन ओट्या कणसं घरी आली. प्रयागबाई बडवायला बसणार, तेवढ्यात गेणूनं त्यातली अर्धी उचलली.

"अवं, दोन दिसांची भाकरी हाय ती!"

"ठावं हाय."

त्यानं ओबडधोबड झेला विणला. आयुष्यात पहिल्यांदा विणत होता, दोनदा सुटला. दारातल्या बोरीला बांधला आणि उंबऱ्याबाहेर बसला. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता. कुडावर चिमण्या जमल्या, बोरीच्या शेंड्याला बुलबुल आला. खाली कुणी येईना. गेणू बसून राहिला. दिवस माथ्यावर आला.

"बोलावलंय म्या तुमाला," तो शेवटी म्हणाला. "आता तर गोफण बी न्हाय." त्यानं दोन्ही हात पसरून दाखवले. चिमण्या भुर्रकन उडाल्या.

प्रयागबाईला यावेळी हसू आलं नाही. ती दारात येऊन म्हणाली, "आत या तुमी. तुमी हितं असल्यावर येणार न्हाईत ती."

"माझं दार हाय. माझी कणसं हायती."

"व्हय. पर या आत."

गेणू उठला. आत गेला, दार लोटलं, आणि अंधारात दाराच्या फटीशी उकिडवा बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक चिमणी झेल्यावर उतरली. तिनं इकडंतिकडं बघितलं, दाराकडंही बघितलं, आणि दाणा उचलला. मागून दुसरी आली.

जिभेवर शिवी आली होती, सवयीची. पण आवाज गेला तर उडतील, म्हणून गेणूनं ती गिळली.